नोपालची तार कशी घालवायची?

मेक्सिको सिटीत राहतो. इथल्या मंडईत नोपाल, म्हणजे फड्या निवडुंगाची पानं, ढिगानं मिळतात. पण घरी शिजवली की भयंकर तार सुटते. उपाय?

उत्तर १: तळहाताएवढी कोवळी पानंच घ्या, मोठी जून निघतात. विक्रेते काटे काढून देतात. स्वतः काढायचे तर हातमोजे घालून सुरीनं गाठी खरवडा आणि कडेची पाव इंच पट्टी कापून टाका. बारीक काटे तिथेच दडतात. तार मात्र भेंडीसारखी आटवावीच लागते. अर्धा किलो तुकड्यांना चमचाभर तेल, अर्धा चमचा मीठ. झाकून 5 मिनिटं, मग झाकण काढून सुटलेला चीक पुरता आटेपर्यंत परता, साधारण 15 मिनिटं. घाई केलीत की बुळबुळीत.

उत्तर २: कढई पसरट हवी, उभ्या पातेल्यात चीक आटतच नाही. उकडलीत तर चाळणीत गाळून गार पाण्यानं खळखळून धुवा. पोपटी रंग शेवाळी होणारच.

उत्तर ३: वरून कच्चा कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, सेरानो मिरची, लिंबू. शाकाहारी असाल तर सोबतच्या घोटलेल्या फ्रिहोलेसबद्दल, म्हणजे राजम्यासारख्या दाण्यांबद्दल, आधी विचारा, ‘येवान मांतेका?’ (यात डुकराची चरबी आहे का?) बरेचदा ते डुकराच्या चरबीत परततात.