प्रतिसाद: नोडला स्वतःची मर्यादा हवीच

संदेश पाठवणाऱ्या ॲप्लिकेशनच्या गटांवर मर्यादा घातल्या की एसएमएससी (मोबाइल कंपनीचं एसएमएस पोचवणारं केंद्र) आपोआप सुरक्षित राहतं, असं मूळ पोस्टमध्ये म्हटलंय. मला ते पटत नाही. साधी बेरीज करून बघा. संदेश पाठवणारे दहा भागीदार आहेत आणि प्रत्येकाला सेकंदाला 50 संदेशांची मुभा आहे. एकटा कुणीच करार मोडत नाही, पण सगळे एकदम आले की 500 होतात. एसएमएससी 300 च पेलत असेल तर ते तुंबणारच.

ओरॅकलच्या सर्व्हिसेस गेटकीपरमध्ये (बाहेरच्या ॲप्लिकेशनना मोबाइल नेटवर्कशी जोडणारं सॉफ्टवेअर) म्हणूनच नोडसाठी, म्हणजे एसएमएससीसारख्या नेटवर्कमधल्या यंत्रणेसाठी, वेगळा एसएलए (कुणाला किती वापर करता येईल याचा करार) असतो. त्यातला ग्लोबल प्रकार सगळ्यांची मिळून कमाल मर्यादा ठरवतो, दुसरा प्रकार सेवा पुरवठादारांच्या गटाला त्या नोडवर किती वाटा मिळेल ते ठरवतो. हा दुसरा अजिबात टाळू नका. नाहीतर कुणाच्या तरी जाहिरातींच्या लोंढ्यात बँकांचे ओटीपी अडकून पडतात, आणि तिथे माणूस पैसे भरायला खोळंबलेला असतो.

दोन्ही एक्सएमएल फायलीच आहेत. प्लगइनला (गेटकीपरला त्या नोडशी जोडणाऱ्या भागाला) दिलेला नोड आयडी फाइलमधल्या आयडीशी तंतोतंत जुळतो का, हे आधी तपासा.

कालावधी मिलिसेकंदांत लिहायचा असतो. 1000 मिलिसेकंदांना 300 संदेश काय आणि 60000 ला 18000 काय, सरासरी एकच. पण दुसऱ्यात हजारो संदेश काही क्षणांत एसएमएससीवर आदळू शकतात. नोडसाठी कालावधी छोटाच ठेवा. दिवसाचा किंवा महिन्याचा कोटा भागीदाराच्या करारात घाला.

एवढं करूनही एसएमपीपीवर (एसएमएससीशी बोलायचा प्रोटोकॉल) थ्रॉटलिंगचा, म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त संदेश आल्याचा एरर (कोड दशमान पद्धतीत 88) येत राहिला तर नोडची मर्यादा अजून खाली आणा.