ऑलिंपस मॉन्स तोंडपाठ आणि खिडकीतला डोंगर कसा झाला ते माहीत नाही

भूगोलवाले सर
परवा इथे एका पालकांची पोस्ट आली होती, लाइकचा नुसता पाऊस. सारांश असा की आमच्या चिरंजीवांनी सहावीतच अख्खी सूर्यमाला आणि पृथ्वीच्या पोटातलं सगळं व्हिडिओ बघून शिकून घेतलं, तेव्हा शाळेतला भूगोलाचा तास बंद करा, टीव्ही लावा आणि मोकळे व्हा. तिथे खाली लिहिलं असतं तर अंगठ्यांच्या गर्दीत बुडालं असतं म्हणून वेगळा धागा काढतोय.

३१ वर्षं भूगोल शिकवलाय, त्यामुळे राग आला हे आधीच कबूल करतो. नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतो. मागच्या महिन्यात शेजारचा पोरगा आला, म्हणे सर मंगळावरचा ऑलिंपस मॉन्स हा ज्वालामुखी २२ किलोमीटर उंच आहे, तिथे आपल्यासारख्या कवचाच्या प्लेटा सरकत नाहीत म्हणून लाव्हा एकाच जागी साठत गेला. मी खूश. मग गॅलरीतनं समोरचा पांडवलेणीचा डोंगर दाखवला, म्हटलं हा कसा झाला सांग. "माती साचून असेल." अरे बाबा, तूही ज्वालामुखीवरच राहतोस! साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून लाव्हा वाहिला, थरावर थर, आजही जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय तो. ब्रह्मगिरी त्यातलाच, अंजनेरी त्यातलाच, शाळेची फरशीसुद्धा त्यातलीच.

त्याला सांगितलं तर म्हणतो कसा, "पण सर, त्याला टोक कुठाय?" कारण प्रत्येक व्हिडिओत शंकूसारखा डोंगर, वरून धूर, खाली पळणारे डायनोसॉर. आपल्याकडे शंकू नव्हताच, भेगांमधून लाव्हा आला आणि सपाट पसरत गेला. कसाऱ्याहून गाडी वर चढताना डोंगराच्या पायऱ्या दिसतात ना, ते थर. याला दख्खनचा ट्रॅप म्हणतात, आणि ट्रॅप हा शब्दच स्वीडिश भाषेतल्या पायरीवरनं आलाय. हे व्हिडिओत नाही. हे खिडकीतनं दिसतं.

सिडकोची आई
सर, राग समजला, पण एक सांगू का, आमच्या भूगोलाच्या बाईंनी पाच वर्षांत आमच्याकडून फक्त नकाशे भरून घेतले. निळ्या पेन्सिलीने नद्या, तपकिरीने डोंगर. शाळेपासून पांडवलेणी दोन किलोमीटर, एकदा नेलं नाही. मला स्वतःला हा दगड लाव्हाचा आहे हे वयाच्या ३४ व्या वर्षी कळलं आणि ते पण एका व्हिडिओतच, माफ करा.

माझी मुलगी सातवीत. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान उतरलं तेव्हा आम्ही सगळे टीव्हीसमोर. नंतर तिने विचारलं रोव्हर थोड्याच दिवसांत झोपवला कशासाठी, तर एका व्हिडिओत सांगितलं होतं की चंद्रावरचा दिवस आपल्या १४ दिवसांचा आणि मग तेवढीच मोठी रात्र, त्यात इतकी थंडी की बॅटरी टिकत नाही. तिने वहीत चंद्र काढून स्वतः हिशोब केला. कुणी सांगितलं नव्हतं. हे फळ्यावर झालं असतं का?

खडूस इंजिनिअर
सरांचा खरा प्रॉब्लेम व्हिडिओ नाहीये, कुणीतरी दुसरं शिकवतंय हा आहे. (पटकन रागावू नका.)

भूगोलवाले सर
रागावलो. आणि ताई, तुमच्या बाईंनी नेलं नसेल, मी नेत होतो. दरवर्षी. मग पालकांच्या चिठ्ठ्या यायला लागल्या, ऊन आहे, मधमाश्या आहेत, जबाबदारी कोणाची. शेवटी तीच सहल वॉटरपार्कला जायला लागली आणि तिथे मात्र सगळ्यांच्या सह्या दोन दिवसांत.

व्हिडिओतलं अंतर हाही एक वैताग. सगळे ग्रह एकमेकांना चिकटून, जत्रेतल्या फुग्यांसारखे. सूर्य १.४ मीटरचा करून सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाला ठेवा, मग पृथ्वी सव्वा सेंटिमीटरची आणि दीडशे मीटर लांब, आणि नेपच्यून साडेचार किलोमीटरवर, म्हणजे द्वारका ओलांडून नाशिकरोडच्या दिशेला. मधे सगळं मोकळं. हा मोकळेपणा स्क्रीनवर मावत नाही म्हणून ते कापतात. वर रंग. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीचे ते गुलाबी निळे ढग, पोरांना वाटतं तिथे गेलं की असंच दिसेल.

खडूस इंजिनिअर
द्वारकेला नेपच्यून ठेवलात तर सिग्नलला अडकेल तो. पण रंगाचं पटलं नाही. ती दुर्बीण इन्फ्रारेड बघते, आपला डोळा बघत नाही, मग लांब तरंगाला लाल आणि आखूडला निळा असे रंग देतात. एक्स-रे काढल्यावर तुम्ही डॉक्टरला म्हणता का की माझं हाड असं पांढरं नाहीये, हा फोटो खोटा?

भूगोलवाले सर
डॉक्टर एक्स-रेला संगीत लावून "तुम्ही कधीही न पाहिलेलं हाड" असं म्हणत नाही.

त्र्यंबककर
सर, तुम्ही ज्या पांडवलेणीच्या डोंगराचं बोलताय त्याच्या पायथ्याशी कोणाचं स्मारक आहे? दादासाहेब फाळके, आमच्या त्र्यंबकचे. राजा हरिश्चंद्रच्या आधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून महिनाभर कॅमेऱ्यात टिपली होती, पडद्यावर रोप झरझर वाढताना दिसलं म्हणून तर पैसे लावणारा तयार झाला. म्हणजे शैक्षणिक व्हिडिओ हा नाशिकचाच धंदा आहे, तुम्ही कशाला नाक मुरडता.

भूगोलवाले सर
फाळक्यांनी कुंडीत खरा वाटाणा पेरला होता. ग्राफिक्सचा नाही. माझं म्हणणं तुम्हीच मांडलंत, आभारी आहे.

पंचवटीकर
सिंहस्थ तोंडावर आला म्हणून विषय निघालाच आहे तर बोलतो, गुरू सिंह राशीत आला की आपल्याकडे कुंभ, पण एकाही व्हिडिओत नीट सांगत नाहीत की गुरूची फेरी बरोब्बर १२ वर्षांची नाही, ११.८६ वर्षांची आहे, म्हणून मधेच एखादा कुंभ ११ वर्षांनी येतो, हरिद्वारला २०१० नंतर २०२१ ला झाला तो असाच. आमच्या आजोबांना हे माहीत होतं आणि त्यांच्याकडे मोबाइल नव्हता.

खडूस इंजिनिअर
कोणी काढला होता सिंहस्थाचा विषय? धाग्यात कुठेच दिसत नाही.

निफाडचा द्राक्षवाला
मंगळ, गुरू सोडा ओ. पृथ्वीविज्ञानाचे व्हिडिओ म्हणता ना, मग ते यूट्यूबवरचे हवामान अभ्यासक धरा की त्यात. नोव्हेंबर २०२३. एकजण रोज संध्याकाळी नकाशावर बाण काढून सांगायचा, सिस्टीम उत्तरेला सरकली, नाशिकला चिंता नाही. भारी समजावायचा, पश्चिमी झंझावात, बाष्प, सगळं. मी त्याच्यावर विसंबून निवांत. रविवारी दुपारनंतर गारा. वीस मिनिटं. घड सोडा, पानं राहिली नाहीत, काड्या सोलून निघाल्या. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाचा व्हिडिओ, "मी सांगितल्याप्रमाणे गारपीट". जुना व्हिडिओ उडवलेला.

लासलगाव कांदा
दादा तुमचं वाईट झालं पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मी ज्याला फॉलो करतो त्याच्यामुळे माझा काढलेला कांदा दोनदा वाचला. सरकारी अंदाज काय असतो, "तुरळक ठिकाणी". तुरळक म्हणजे माझं वावर का शेजाऱ्याचं? तो पोरगा निदान तालुक्याचं नाव घेऊन सांगतो.

निफाडचा द्राक्षवाला
नाव घेऊनच तर मारलं मला!!

खडूस इंजिनिअर
दोघांनाही सांगतो, तुरळक हा मोघम शब्द नाहीये. त्या विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत ठिकाणी पडेल, असा त्याचा ठरलेला अर्थ आहे. काही ठिकाणी म्हणजे ५० पर्यंत, बऱ्याच ठिकाणी म्हणजे ७५ पर्यंत. आणि गारेचा ढग काही किलोमीटर रुंद असतो, तासाभरात उभा राहून संपतो, उंची मात्र १२ ते १५ किलोमीटर. आतला वर जाणारा हवेचा झोत गार खाली पडू देत नाही, ती वर तरंगत बर्फ चढवत जाते, झोताला पेलेनाशी झाली की पडते. चार दिवस आधी कोणत्या गावावर पडेल हे जगात कोणी सांगू शकत नाही. सांगतो तो फेकतो.

लासलगाव कांदा
एसीत बसून बोलणं सोपं आहे. फेकतो म्हणे. तुम्ही काय करता हो, अंबडच्या कारखान्यात मशीनचं बटण दाबता?

खडूस इंजिनिअर
हो, बटण दाबतो. बाप चांदवडला कांदाच पिकवतो, आणि २०१४ च्या गारपिटीत पत्र्याला भोकं पडलेली मी स्वतः बघितलीत, कॉलेजची फी त्या वर्षी मामाने भरली. तेव्हा एसी बिसी नको.

सिडकोची आई
भांडू नका ना. विषय मुलांचा होता.

निफाडचा द्राक्षवाला
नाही ताई, बोलू द्या. इंजिनिअर साहेबांचं पटलं, कडू आहे पण पटलं. मला हे "तुरळक"चं कोणी इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं, ना शाळेत ना यूट्यूबवर. पण मग उपाय काय? मी आता इन्सॅट उपग्रहाचं इन्फ्रारेड चित्र बघतो, दर अर्ध्या तासाने नवीन येतं, पांढराशुभ्र फुगलेला ढग दिसला की समजायचं माथा फार थंड म्हणजे फार उंच. विजांच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं दामिनी अ‍ॅप आहे. गार थांबत नाही त्याने, बागेतल्या बाया तरी वेळेवर घरात येतात. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर हे चित्र वाचायला मी शिकलो तेपण व्हिडिओवरच. एका रिटायर माणसाचा होता, ना संगीत ना काही, नुसतं बोट ठेवून सांगत होता.

पंचवटीकर
आम्ही गोदावरीचा पूर अजून दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो. कमरेला पाणी, छातीला पाणी. २०१९ ला तो दिसेना झाला तेव्हा सराफ बाजाराला कोणी सॅटेलाइट दाखवायची गरज पडली नाही.

खडूस इंजिनिअर
आणि दुकानं तरी भरलीच ना पाण्याने.

सिडकोची आई
सर, तुम्हाला एकच विचारते, एवढं सगळं माहितीये तर तुम्ही का नाही करत व्हिडिओ? मराठीत या दगडांवर काही सापडतच नाही. जे आहे ते मशीनने भाषांतर केलेलं. मुलीने परवा लावलेल्यात "स्पेस प्रोब"चं, म्हणजे यानाचं, "अवकाश चौकशी" केलं होतं. "१९७७ साली सोडलेली व्हॉयेजर चौकशी अजून चालू आहे." आम्ही अर्धा तास हसत होतो, मिस्टर म्हणाले सरकारी असेल.

भूगोलवाले सर
केला होता. लॉकडाऊनमध्ये. पांडवलेणीच्या पायथ्याचा, ९ मिनिटांचा. ४१ व्ह्यू आहेत, त्यातले निम्मे माझेच.

त्र्यंबककर
हाहाहा सर!! म्हणजे राग व्हिडिओवर नाही, व्ह्यूवर आहे.

भूगोलवाले सर
हसा. बरं, एक गोष्ट देऊन टाकतो. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला त्यानंतर वर्गात पोरांनी विचारलं, प्लेटची कड हिमालयात आहे मग लातुरात कसा? मी फळ्यावर दोन डस्टर एकमेकांवर ढकलून दाखवले आणि मलाच कळत होतं की यातून काही समजत नाहीये. प्लेट कडेला ढकलली गेली की ताण आतपर्यंत पोचतो, जुन्या कमकुवत जागी साठतो आणि एक दिवस तिथे मोडतं, हे हलत्या चित्रात अर्ध्या मिनिटात दिसतं. तेव्हा माझ्याकडे ते असतं तर बरं झालं असतं. पण वर्गात पोरगं "मग नाशिकला होईल का?" असं विचारतं तेव्हा व्हिडिओ पुढच्या जाहिरातीवर जातो, एवढं लक्षात ठेवा.

खडूस इंजिनिअर
शेवटचं वाक्य जोडलंच. चला, ऐंशी टक्के मान्य केलंत, ही पण बातमी आहे.

निफाडचा द्राक्षवाला
सर, तुमचा व्हिडिओ शोधला, बघितला. आता ४२. आवाज वाऱ्यात जातो पण ते थरांचं दाखवलंय ते कामाचं आहे. मला एक विचारायचंय. मागच्या वर्षी बोअर मारली, आधी मुरूम, मग काळा पाषाण, मशीन जाम जोरात चाललेलं, आणि दोनशे फुटांच्या पुढे एकदम लाल पाणी यायला लागलं, गेरू कालवल्यासारखं, नंतर परत काळा. गाडीवाला म्हणाला लाल लागलं म्हणजे आता पाणी नाही. ते लाल काय असतं?

भूगोलवाले सर
वा. तो दोन लाव्हांच्या मधला काळ आहे. एक थर वाहून थंड झाला, मग पुढचा यायच्या आधी बरीच वर्षं मोकळी गेली, त्यात वरचा दगड हवापाण्याने कुजून लाल माती झाली, आणि नंतर नवा लाव्हा तिच्यावरून वाहत गेला आणि ती दाबली गेली, भाजली गेली. म्हणजे तुमच्या बोअरमधून आली ती कोट्यवधी वर्षांपूर्वीची जमीन आहे. पाण्याचं गाडीवाल्याने ठोकून दिलं. चिकणमातीतून पाणी खाली मुरत नाही, म्हणून कधी कधी तिच्या वरच्याच फटीत साठलेलं असतं. लागेलच असं नाही, नसेलच असंही नाही. घाटात रस्त्याच्या कापावर लाल पट्टा दिसतो तो हाच.

सिडकोची आई
हे मुलीला वाचून दाखवलं. रविवारी लाल पट्टा बघायला चाललोय, टोपी आणि पाणी घेऊन. चिठ्ठीवर सही मीच करते 🙂

निफाडचा द्राक्षवाला
झकास सर. पण त्या लाल थराला केसिंग, म्हणजे बोअरच्या आत पाइप, टाकावी लागते, नाहीतर महिन्याभरात तिथूनच बोअर ढासळते आणि मोटर अडकते, माझी अडकली. ते आहे का तुमच्या पुस्तकात?

भूगोलवाले सर
नाही.