टेम्प्लेट पाठ करून आयईएलटीएसचं रायटिंग निघतं का?

मनीषनगरकर

शनिवार-रविवारी आमच्याकडे चार-पाच जण वह्या घेऊन बसतात. सगळे तिशी-चाळिशीतले, मराठी माध्यमातून शिकलेले, पदवीधर. कुणी नागपुरात मिहानच्या कंपन्यांत नोकरीला, कुणी जवळच्या बुटीबोरीला. सगळ्यांना आयईएलटीएस, म्हणजे परदेशात शिकायला-नोकरीला जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा, तिचा ॲकॅडमिक प्रकार द्यायचा आहे. माझं पोटापाण्याचं काम इंग्रजी मजकूर तपासण्याचं, म्हणून त्यांचे निबंध मी बघतो. आणि ते बघून माझं मत पक्कं झालंय की मोठ्या माणसांचं रायटिंग कशाने बिघडत असेल तर क्लासमधून मिळणाऱ्या टेम्प्लेटने, म्हणजे कुठल्याही विषयाला चिकटवायच्या तयार वाक्यांच्या साच्याने.

मागच्या आठवड्यात मीच विषय दिला होता: शहराच्या मध्यभागी खाजगी गाड्यांना बंदी घालावी का? तीन वह्यांत पहिलं वाक्य एकच. 'इन टुडेज मॉडर्न एरा, इट इज अ हायली डिबेटेबल टॉपिक दॅट...' तिघांचा क्लास एक, हे सांगायला नकोच. पुढच्या परिच्छेदाची सुरुवात 'देअर आर मल्टिफेरियस रीझन्स'. आता यातला एक जण रोज बर्डीच्या बाजारात गाडी लावायला जागा शोधत फिरतो आणि त्यावर अर्धा तास बोलू शकतो. वहीत मात्र बर्डी नाही, पार्किंग नाही, मेट्रो नाही. नुसतं 'पोल्यूशन' आणि 'ट्रॅफिक'.

परीक्षक काय बघतो हे जाहीर आहे. प्रश्नाला उत्तर दिलंय का, मांडणी सलग आहे का, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. चारही निकषांना सारखं वजन. सात बँड (नऊपैकी श्रेणी) हवा असेल तर बिनचूक वाक्यं वारंवार दिसली पाहिजेत. टेम्प्लेटचं वाक्य गुळगुळीत आणि लगेच पुढचं स्वतःचं वाक्य मोडकं, की जोड उघडा पडतो. पाठ केलेली भाषा ओळखणं हे परीक्षकाचं कामच आहे. प्रश्नातले शब्द जसेच्या तसे उतरवले तर तेही शब्दसंख्येत धरत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं: टेम्प्लेट फेकून द्या, सराव पेपरांचा रतीब बंद करा. आठवड्याला दोनच निबंध लिहा पण स्वतःच्या डोक्याने, ते तपासून घ्या, आणि तोच निबंध पुन्हा लिहा. हा शेवटचा भाग सगळे गाळतात.

रात्रपाळी

दादा, हे ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी. मी नर्स आहे, आठवड्यातल्या निम्म्या रात्री ड्युटीवर असते. यूकेच्या नर्सिंग कौन्सिलला रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंगमध्ये ७ आणि रायटिंगमध्ये ६.५ लागतात, प्रत्येकात वेगवेगळे. एकूण सरासरीचा मला काही उपयोग नाही. मला लेखिका व्हायचं नाही हो, साडेसहा काढून जायचं आहे.

रायटिंगमध्ये टास्क १ ला (आलेखाचं वर्णन) २० मिनिटं, टास्क २ ला (निबंध) ४० मिनिटं. त्या ४० मधली दहा मिनिटं सुरुवात कशी करू यातच जायची. आता सुरुवात ठरलेली आहे, तर ती दहा मिनिटं मुद्द्यांना मिळतात. यात वाईट काय आहे?

मिहानमधला

वरच्या वह्यांपैकी एक माझी, हे कबूल :) पण मी उलटं बोलणार आहे. मला मास्टर्ससाठी एकूण ६.५ हवेत आणि कुठल्याही भागात ६ च्या खाली नको. सरासरी ६.२५ आली तर ती वर जाऊन ६.५ होते. म्हणजे लिसनिंग ६.५, रीडिंग ६.५, रायटिंग ६, स्पीकिंग ६ एवढ्यात माझं काम होतं. मग सहावर असलेलं रायटिंग साडेसहावर न्यायला मी सगळे रविवार का घालवू? लिसनिंग-रीडिंगमध्ये चाळीस-चाळीस प्रश्न असतात, उत्तर बरोबर किंवा चूक, कुणाच्या मताचा प्रश्न नाही. तिथे अर्धा बँड वाढवणं मला कितीतरी सोपं जातंय.

क्लासवाला

मी शिकवतो, त्यामुळे माझा स्वार्थ आधीच सांगून ठेवतो.

मूळ धाग्यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे. टेम्प्लेट वेगळं, परीक्षेची ओळख वेगळी. टेम्प्लेट विकणारे क्लास आहेत, नाही म्हणत नाही. पण परीक्षेची ओळख नसलेला माणूस इंग्रजी चांगलं असूनही पडतो. लिसनिंग एकदाच ऐकवतात. उत्तरात स्पेलिंग चुकलं की गुण गेला. 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' असं लिहिलेलं असताना तीन लिहिले, गेला. हे घरी बसून निबंध लिहिल्याने कळत नाही.

आणि मोठ्या माणसांची खरी अडचण रायटिंगमध्ये नाहीच, असं मला वर्गात दिसतं. ती आहे रीडिंगमधल्या 'ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन' मध्ये, म्हणजे दिलेलं विधान उताऱ्याप्रमाणे खरं, खोटं की उताऱ्यात नाहीच, हे सांगण्यात. कॉलेजातली पोरं उताऱ्यात बघून उत्तर देतात. चाळिशीतला माणूस स्वतःच्या माहितीतून देतो. कोराडीच्या वीज केंद्रात वीस वर्षं काढलेल्या माणसासमोर कोळशावरचा उतारा आला, की तो 'नॉट गिव्हन' लिहायलाच तयार होत नाही. 'सर, पण हे खरंच आहे ना!' अहो खरं असेल, उताऱ्यात कुठे आहे? अनुभव जास्त असलेल्याला हा प्रकार जास्त नडतो. याला सराव पेपरच लागतात, भरपूर लागतात. त्याला रतीब म्हणून हिणवू नका.

मनीषनगरकर

@क्लासवाला, हिणवत नाहीये. पण पेपर सोडवून झाल्यावर चुकलेलं उत्तर का चुकलं हे बघायला किती जण बसतात? आमच्याकडे येणाऱ्यांच्या फोनमध्ये गुणांचे स्क्रीनशॉट आहेत, चुकांची नोंद एकाकडेही नाही.

@मिहानमधला, तुमचं गणित बरोबर. फक्त त्यात रायटिंगचा सहा पक्का धरलाय. परीक्षेच्या दिवशी साडेपाच आला तर बाकीच्या तीन भागांत कितीही मिळाले तरी तुमची 'सहाच्या खाली नको' ही अट मोडते.

तर्रीवाला

काऊन भांडून राहिले बाप्पा लिहिण्यावरून? बोलण्याचं सांगा ना कोणी. आपल्या नागपुरात घरी मराठी, बाहेर पडलं की हिंदी. पानठेल्यावर हिंदी, ऑटोत हिंदी, ऑफिसातही हिंदीच. इंग्रजी बोलाव कोणाशी? बायकोशी बोललो तर ती हासते. लिहिण्याची वही तरी कोणी तपासून देते, बोलण्याची कोण तपासन?

क्लासवाला

@तर्रीवाला, स्पीकिंग सगळं मिळून ११ ते १४ मिनिटांचं असतं. मधल्या भागात विषयाचं कार्ड देतात, तयारीला एक मिनिट आणि बोलायला एक ते दोन मिनिटं. दोन मिनिटांनी परीक्षक मध्येच थांबवतो, तेव्हा गडबडू नका, गुण कापायला नाही थांबवत. नागपुरी हेलाचेही गुण जात नाहीत. शब्द स्पष्ट कळला पाहिजे, बस. जोडीदार नसेल तर फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. पहिल्यांदा ऐकताना फार लाज वाटते, पण ऐका.

तर्रीवाला

लाज तर आताच वाटून राहिली सर. करतो.

निवृत्त मास्तर

वाद वाचून मौज वाटली. पदवीच्या वर्गांना आवश्यक इंग्रजी शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे दोन्ही बाजूंना थोडं खटकेल असं लिहितो.

'स्वतःच्या डोक्याने लिहा' हे ऐकायला गोड आहे. पण ज्याचं व्याकरण कच्चं आहे तो रोज लिहितो तेव्हा त्याच त्या चुका रोज गिरवतो. मराठीत 'अ' आणि 'द' सारखी आर्टिकल्स नाहीत, त्यामुळे ती एकतर गाळली जातात किंवा सगळीकडे 'द' पडतो. कर्ता अनेकवचनी असला की क्रियापदाचा 'एस' चुकतो. ही सवय विसाव्या वर्षी मोडणं सोपं, चाळिसाव्या वर्षी जड. आधी तीन महिने व्याकरण, वाक्यांचा घोटून सराव, मगच निबंध. जोडीला हितवाद घ्या. १९११ पासून नागपुरात निघणारं इंग्रजी वर्तमानपत्र आहे, गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने सुरू केलेलं. रोज एक अग्रलेख मोठ्याने वाचा. माझे विद्यार्थी यातूनच तयार झाले.

मिहानमधला

मास्तर, आदर ठेवून सांगतो, तीन महिने व्याकरण करायला लावलं तर निम्मे लोक दुसऱ्या महिन्यातच सोडून देतील. आणि अग्रलेख वाचून लिसनिंगमधलं ऑस्ट्रेलियन बाईंचं इंग्रजी कळत नाही.

रात्रपाळी

बोलून काय होतं, हे घ्या माझं वाक्य. काल रात्री लिहिलंय, त्याच गाड्यांच्या विषयावर. टेम्प्लेटमधलं नाही, माझं आहे.

'पर्सनल व्हेइकल्स शुड बॅन इन सिटी सेंटर बिकॉज इट क्रिएट मेनी प्रॉब्लेम टू पेशंट इन ॲम्ब्युलन्स.'

तपासा.

मनीषनगरकर

ताई, मुद्दा एक नंबर आहे, तो आधी सांगतो. वरच्या तीन वह्यांत ॲम्ब्युलन्स कुणालाच सुचली नव्हती.

आता भाषा. 'शुड बॅन' म्हणजे गाड्याच कुणावर तरी बंदी घालतायत असं झालं, तिथे 'शुड बी बॅन्ड' हवं. 'सिटी सेंटर' आणि 'ॲम्ब्युलन्स' यांच्या आधी आर्टिकल नाही. गाड्या अनेक, त्यांना 'इट' नको, 'दे' हवं, आणि मग 'क्रिएट' बरोबर बसतं. 'मेनी' आलं की 'प्रॉब्लेम्स'. 'टू' च्या जागी 'फॉर'. पेशंटही अनेकवचनात.

पण एवढ्यावर थांबू नका. 'मेनी प्रॉब्लेम्स' म्हणजे नेमकं काय? तुम्हाला ते माहीत आहे, मला नाही. पेशंट उशिरा पोचला तर काय होतं ते पुढच्या वाक्यात लिहा. 'मल्टिफेरियस' ने जे होत नाही ते त्या एका वाक्याने होईल.

निवृत्त मास्तर

बघा. एका वाक्यात सहा दुरुस्त्या. मी म्हटलं ते हेच. आधी व्याकरण.

मनीषनगरकर

सर, दुरुस्त्या सहा, पण सवयी दोन-तीनच, आणि त्या त्यांच्याच वाक्यात सापडल्या. पॅसिव्हचा धडा त्यांनी शाळेत सोडवलाच असेल. रिकाम्या जागेत 'बी बॅन्ड' भरणं येत असेलही. स्वतः लिहिताना ते येत नाही, आणि ते लिहितानाच दुरुस्त होणार.

निवृत्त मास्तर

शाळेत सोडवलाय पण मुरलेला नाही, म्हणून तर पुन्हा करायचा. 'शुड बी' घालून वीस वाक्यं लिहा ताई, सगळी तुमच्या वॉर्डमधली. 'द पेशंट शुड बी गिव्हन', 'द ड्रेसिंग शुड बी चेंज्ड'. मनीषनगरकरांचाही मान राहील आणि माझाही.

मनीषनगरकर

याला माझी हरकत नाही. वाक्यं त्यांची आहेत तोवर घोटून घ्या हवी तितकी.

खामल्याची

थोडं विषयांतर. रात्रपाळी ताई, ओईटी बघितलं का? आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीच असलेली परीक्षा आहे, तीही कौन्सिलला चालते. रायटिंगमध्ये गाड्या-बिड्या नाहीत, केस नोट्स देतात आणि त्यावरून पत्र लिहायचं, रेफरलचं वगैरे. रायटिंगला सी प्लस, बाकी तिन्हीला बी लागतो. तुमचं रोजचंच काम आहे ते. फी मात्र आयईएलटीएसपेक्षा जास्त, आणि आयईएलटीएसचीच फी १५ हजारांच्या वर आहे.

मिहानमधला दादासाठी: कॉम्प्युटरवर परीक्षा दिलीत आणि एकाच भागात अडलात, तर तेवढाच भाग ६० दिवसांच्या आत पुन्हा देता येतो. पण तुमचं विद्यापीठ असा निकाल घेतं का ते आधी मेल करून विचारा, सगळीकडे घेत नाहीत.

रात्रपाळी

ओईटीबद्दल माहीत आहे, फी बघून मागे फिरले होते. आता पुन्हा विचार करते, पत्राचा भाग खरंच सोपा वाटतोय.

वीस वाक्यं करते मास्तर. ॲम्ब्युलन्सचा परिच्छेद पूर्ण करून रविवारी इथेच टाकते, दादांनी तपासावा. पण पहिलं वाक्य मी ठरलेलंच लिहिणार. त्यावरून वाद घालायचा असेल तर क्लासवाल्या सरांशी घाला, मला सातला ड्युटीवर जायचंय.