ग्रामपंचायतीने पर्यटनावर खर्च करावा का?

प्रश्न : आमच्या कोकणातील गावात सात-आठ घरांनी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या आहेत. किनाऱ्यावर स्वच्छतागृह, वाहनतळ आणि कचरा उचलण्याची सोय व्हावी, अशी आमची मागणी आहे. परंतु हा मोजक्या घरांचा खासगी धंदा असल्याने त्यावर गावाचा पैसा खर्चता येत नाही, असे उत्तर मिळते. हे कितपत योग्य आहे?

उत्तर १ : आपण खोल्यांच्या डागडुजीसाठी पैसे मागितले असते, तर ते उत्तर पटले असते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींना दिलेल्या अनुदानातील ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठीच बंधित होता, म्हणजे तो इतर कामांवर खर्चता येत नव्हता, त्यामुळे स्वच्छतागृह आणि कचरा ही कामे पर्यटनाचे नावही न घेता त्यात बसत होती. वाहनतळाचा विषय निराळा. तो ग्रामसभेत विकास आराखड्यात घ्यावा लागेल.

उत्तर २ : साताऱ्याजवळच्या कास पठारावर आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांमार्फत (वन विभाग व गावकरी यांच्या समित्या) फुलांच्या हंगामात प्रवेशशुल्क घेतले जाते. ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भिलारला २०१७ मध्ये राज्य शासनाने पुस्तके दिली, ती ठेवली मात्र गावकऱ्यांच्या घरांत. दोन्हीकडे शासनाचे पाठबळ आहे, पण यजमानपद गावाकडेच राहिले.

उत्तर ३ : बांधकामाला निधी मिळतो, रोज झाडायला कोण, हे आधी ठरवा. आमच्याकडचे स्वच्छतागृह उद्‌घाटनानंतर कुलूपबंदच आहे.

प्रश्नकर्ता : पुढील ग्रामसभेत सफाईच्या वार्षिक खर्चासह प्रस्ताव मांडतो, आणि त्यातील काही वाटा खोल्यावाल्यांनी उचलावा, असेही सुचवतो.