पदवीनंतर डी.एल.एड. करावे की बी.एड.? पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवायचे आहे

पाटीपेन्सिल (प्रश्न)

नमस्कार. मी अकोले तालुक्यातील एका गावात राहते आणि मराठी विषय घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गेली दोन वर्षे शेजारच्या ठाकरवाडीतील आठ-दहा मुले संध्याकाळी आमच्या ओट्यावर अभ्यासाला येतात. ती सगळी पहिली ते तिसरीतली आहेत. त्यांना शिकवता शिकवता माझे ठरले आहे की मला लहान मुलांचीच शिक्षिका व्हायचे आहे.

वडिलांचे म्हणणे असे की बी.एड. करावे, म्हणजे हायस्कूलचीही नोकरी मिळेल आणि प्राथमिकचीही. मात्र न्यायालयाच्या निकालानंतर बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीला शिकवता येत नाही, असे एका ओळखीच्यांनी सांगितले. डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांसाठीची, बारावीनंतरची पदविका) करायचे म्हटले तर पदवी घेऊन पुन्हा बारावी झालेल्या मुलामुलींच्या बाकावर बसावे लागेल, आणि हे मागे जाणे आहे असे घरच्यांना वाटते. नेमके खरे काय आहे?

दुसरा प्रश्न कदाचित या ठिकाणचा नाही, तरी विचारते. ओट्यावर येणारा एक मुलगा मोठ्याने ‘सत्तावीस’ म्हणतो आणि पाटीवर ७२ लिहितो. मी अनेकदा समजावले, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच होते. माझ्या सांगण्यात काही चुकते आहे का?

निवृत्त अध्यापिका

मी अध्यापक विद्यालयात बरीच वर्षे शिकवले आहे. तुमचा दुसरा प्रश्न अगदी योग्य ठिकाणी आला आहे, कारण पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे.

आधी निकालाबद्दल. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१८ साली अधिसूचना काढून बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवले होते. नियुक्तीनंतर सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम पूर्ण करावा, एवढीच अट होती. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी ती वाट बंद केली. प्राथमिक वर्गातील बालकाला शिकवण्याचे प्रशिक्षण बी.एड.मध्ये मिळत नाही, आणि दर्जेदार शिक्षण हा त्या बालकाचा हक्क आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. म्हणून पहिली-दुसरीचा वर्ग हवा असेल तर तुमच्यासाठी डी.एल.एड. हाच मार्ग आहे. उलट पदवी आणि डी.एल.एड. असे दोन्ही हाती असले, तर टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर देऊन सहावी ते आठवीलाही शिकवता येते. नववी-दहावीसाठी मात्र बी.एड. लागेल.

आता सत्तावीसकडे वळू. तुमचा विद्यार्थी चुकत नाही, तो जे ऐकतो ते ऐकल्या क्रमाने लिहितो. मराठीत संख्येचे नाव उच्चारताना एकक आधी येते आणि दशक नंतर. ‘सत्तावीस’मध्ये सात आधी ऐकू येतात आणि वीस मागून. लिहिताना मात्र दशक आधी लिहायचे असते. ‘एकोणतीस’ तर याहून अवघड, कारण तिथे कानावर तीस पडते आणि पाटीवर एकही तीन उमटत नाही. याच अडचणीसाठी २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशा धर्तीचे वाचन रूढ नावांच्या जोडीला दिले आणि त्यावर राज्यभर वाद झाला. त्या वेळी भाषेच्या अभिमानाची चर्चा पुष्कळ झाली आणि पाटीवर ७२ लिहिणाऱ्या मुलाची फार कमी झाली, याचे मला आजही वाईट वाटते.

तुम्ही असे करून पाहा. चिपाडाच्या किंवा खराट्याच्या काड्या घ्या आणि दहा-दहांचे गठ्ठे रबर लावून मुलालाच बांधू द्या. दोन गठ्ठे डावीकडे, सात सुट्या काड्या उजवीकडे. पहिले काही दिवस त्याने फक्त ‘दोन दशक सात एकक’ असे म्हणावे आणि गठ्ठ्यांखाली २, सुट्यांखाली ७ लिहावे. ‘सत्तावीस’ हे नाव त्यानंतर जोडावे. शिवाय वाडीतील मुलांची घरची बोली पुस्तकातल्या मराठीहून वेगळी असते, त्यामुळे सूचना कळली नाही की गणित कळले नाही, हे आधी तपासा. तो काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत एका वहीत टिपून ठेवा. पुढे प्रशिक्षणात ती वही तुम्हाला कोणत्याही संदर्भग्रंथापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

हे जे आत्ता लिहिले ते बी.ए.च्या वर्गात शिकवले जात नाही आणि बी.एड.मध्येही क्वचितच येते. बालविकास, आरंभिक वाचन-लेखन, संख्याज्ञान आणि परिसर अभ्यास यांसाठी दोन वर्षे दिली जातात ती डी.एल.एड.मध्ये. त्याला मागे जाणे म्हणू नये. सोबत बसणारी मुले तीन वर्षांनी लहान असतील, एवढेच. माझ्या वर्गात पदवीधर मुली नेहमी असत आणि वर्ग चर्चेला लागे तो बहुधा त्यांच्याच प्रश्नांमुळे.

छात्राध्यापक सातारा

मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाईंच्या म्हणण्याशी मी सहमत आहे, तरी बी.एड.मध्ये काय असते हे जवळून कळावे म्हणून लिहितो.

आमची सुरुवात सूक्ष्म अध्यापनाने झाली. पाच-सहा मिनिटांचा पाठ, समोर विद्यार्थी म्हणून बसलेले आपलेच सहाध्यायी, आणि एका वेळी एकच कौशल्य: प्रस्तावना, प्रश्न, स्पष्टीकरण, फलकलेखन. पाठ झाला की प्रत्याभरण, म्हणजे काय जमले आणि काय चुकले याचा अभिप्राय, मिळते आणि तोच पाठ सुधारून पुन्हा घ्यायचा असतो. सुरुवातीला हे कृत्रिम वाटते, परंतु मी प्रश्न विचारून उत्तराची वाट न पाहता स्वतःच उत्तर देतो, ही सवय मला तिथेच प्रथम दिसली. त्यानंतर सराव पाठ असतात आणि दुसऱ्या वर्षी सोळा आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवण्याचा अनुभव. मी ती एका माध्यमिक शाळेत करतो आहे. आठवी-नववीची मुले शिक्षकाला विषय येतो की नाही हे पहिल्याच तासाला ओळखतात, म्हणून आमचा भर दोन अध्यापन पद्धतींवर, म्हणजे विषयांवर, असतो. मला इतिहास शिकवायचा आहे, त्यामुळे माझ्यासाठी हे योग्य आहे. पण काड्यांच्या गठ्ठ्यांबद्दल आम्हाला कोणी काही सांगितलेले नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

वाडीवरचा गुरुजी

मी नंदुरबार जिल्ह्यातील द्विशिक्षकी शाळेवर आहे. भरतीची बाजू कोणी लिहिली नाही, ती लिहितो, कारण घरच्यांचे प्रश्न बहुधा तिथेच येऊन थांबतील.

पदविकेनंतर टीईटीचा पहिला पेपर उत्तीर्ण व्हावे लागते. १५० गुणांपैकी खुल्या प्रवर्गाला ९० गुण लागतात आणि प्रमाणपत्र आता आजीवन वैध आहे. त्यानंतर २०० गुणांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, जिला सारे ‘टेट’ म्हणतात, आणि तिच्या गुणांवर पवित्र पोर्टल या राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळामार्फत निवड. अडचण अशी की ही चाचणी दर वर्षी होत नाही. पहिली २०१७ साली झाली, दुसरी थेट २०२३ साली आणि तिसरी २०२५ साली. त्याआधी २०१२पासून भरती बराच काळ थांबलेली होती आणि त्या काळात डी.एड. (डी.एल.एड.चे जुने नाव) झालेल्या एका संपूर्ण पिढीने वाट पाहण्यात वय घालवले. मी त्यांच्यापैकी एक आहे. चार वर्षे एका विनाअनुदानित शाळेत नाममात्र मानधनावर काढली. निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काम करावे लागते. त्याचे मानधन प्राथमिकला पूर्वी ६,००० होते, २०२३पासून १६,००० रुपये आहे. हे आकडे वडिलांपासून लपवू नका. पदवी, डी.एल.एड. आणि टीईटीचे दोन्ही पेपर अशी तयारी ठेवली तर पहिली ते आठवीच्या जागांसाठी तुमचा विचार होऊ शकेल, हेही त्यांना सांगा.

विद्यालय निवडताना मात्र एक गोष्ट कटाक्षाने टाळा. ‘नॉन-अटेंडिंग’ म्हणून प्रवेश देणाऱ्या संस्था आहेत; फी भरा, परीक्षेला या, पाठ टाचणांच्या (पाठाच्या पूर्वतयारीच्या टिपणांच्या) वह्या तयार मिळतील, असे तिथे सांगितले जाते. अशा ठिकाणाहून आलेल्या एका तरुण सहकाऱ्याला पहिल्या दिवशी पहिलीच्या वर्गात रडू कोसळलेले मी पाहिले आहे. त्याची बुद्धी कमी नव्हती. समोर तेवीस मुले पावरी ही आदिवासी बोली बोलत होती आणि अशा वर्गात पहिला तास कसा घ्यायचा, हे त्याला कोणी कधी शिकवलेच नव्हते. प्रवेश घेण्यापूर्वी विद्यालयात एक दिवस जाऊन बसा, सराव पाठ कोणत्या शाळेत होतात ते विचारा, आणि जमल्यास त्या शाळेतल्या बाईंनाही विचारा की छात्राध्यापक खरोखर येतात का.

पाटीपेन्सिल

बाई, सर, गुरुजी, आपण सर्वांनी वेळ काढून सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल खराट्याच्या काड्या घेऊन बसलो. त्याने चार गठ्ठे बांधले, त्यांतील एकात अकरा काड्या निघाल्या, म्हणून पुन्हा मोजल्या. ‘दोन दशक सात एकक’ म्हणत त्याने २७ बरोबर लिहिले. मग मी नुसते ‘सत्तावीस’ म्हटल्यावर पाटीवर पुन्हा ७२ आले, पण या वेळी त्याने स्वतःच गठ्ठ्यांकडे पाहिले आणि पुसले.

वडिलांना मी गुरुजींचा मजकूर वाचून दाखवला. ते मानधनाच्या आकड्यावर बराच वेळ गप्प होते. डी.एल.एड.ला प्रवेश बारावीच्या गुणांवर मिळतो आणि माझे गुण बरे आहेत, हे त्यांना सांगितले. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे संगमनेर आणि नगरकडची दोन विद्यालये पाहायला जाणार आहोत. सराव शाळेबद्दलचा प्रश्न त्यांनी स्वतः विचारायचे ठरवले आहे.