रिकम्बंट ट्राइकचा हवेचा विरोध मोजतोय, आकडा रोज वेगळा येतो

ट्राइकवाला: रेलून चालवायची तीनचाकी घरीच वेल्डिंग करून बांधली. आता पुढे सनपॅक शीटचं (पोकळ प्लास्टिकचा पत्रा) फेअरिंग, म्हणजे हवा कापणारं आवरण लावलंय. नागपुरात मिहानच्या रुंद रस्त्यावर रविवारी पहाटे ताशी तीस किलोमीटरच्या वेगाला पेडल सोडतो आणि वेग कसा उतरतो ते नोंदवतो. पण फेअरिंग नसतानाच आकडा कधी कधी वीस टक्क्यांनी हलतो. मग फेअरिंगचा फायदा कळणार कसा?

धरमपेठकर: भाऊ, डोळ्याला सपाट दिसणाऱ्या रस्त्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्यासकट गाडी शंभर किलो धरा. हजार मीटरला एक मीटर उतार असला तरी साधारण एक न्यूटन. सीडीए (गाडीचा आकार आणि समोरचं क्षेत्रफळ मिळून हवा किती अडते त्याचा आकडा, चौरस मीटरमध्ये) ०.२५ असेल तर तिशीला हवेचा विरोध साडेनऊ न्यूटनच्या आसपास. म्हणजे दहा टक्के तिथेच गेले! वारा तर त्याहून वांड. सेकंदाला एक मीटर, म्हणजे गालाला जेमतेम जाणवेल इतका समोरून आला की विरोध पाव हिश्शाने वाढतो. त्याच पट्ट्यावर लगोलग जाऊन-येऊन सरासरी काढा, चूक दीड टक्क्यावर येते. अर्थात वारा एकसारखा असेल तरच. झुळका सुटल्या की सरळ तर्री पोहे खायला निघा.

दुसरं, आपलं हवामान. जानेवारीच्या पहाटे १२ अंशांना हवेची घनता घनमीटरला १.२ किलोच्या जवळ, मे महिन्यात ४५ ला १.०६. तीच गाडी, तोच माणूस, विरोध बाराएक टक्के कमी. आणि ॲपवर दिसणारा दाब बहुधा समुद्रसपाटीला आणलेला असतो. नागपूर ३१० मीटरवर आहे, तोच दाब घनतेच्या सूत्रात घातला तर घनता साडेतीन टक्के जास्त निघते.

चेन_लूब: पुढच्या चाकांचं टो-इन, म्हणजे ती पुढून किती आत वळलीत ते बघितलं का? ते बिघडलं की टायर घासत चालतो आणि तो विरोध तुम्ही हवेच्या खात्यावर मांडता. दहाच्या वेगाला हवेचा विरोध तिशीच्या एक नवमांश, त्यामुळे तिथे मुख्यतः टायरचाच विरोध दिसतो. तो वेगळा काढा. टायरची हवाही दर वेळी गेजने.

पॉवर मीटर (पेडलवर किती वॅट लावताय ते मोजणारं यंत्र) मिळाला तर रॉबर्ट चुंगची पद्धत वापरा: ब्रेक न लावता फेऱ्या मारायच्या, सीडीए अंदाजाने धरून पॉवर आणि वेगावरून रस्त्याची उंची काढायची. प्रत्येक फेरीला सुरुवातीची उंची परत आली तर धरलेला सीडीए बरोबर.

ट्राइकवाला: पॉवर मीटर खिशाबाहेर आहे दादा. फेअरिंग लावून, काढून, परत लावून एकाच सकाळी मोजलं तर? नट-बोल्ट आहेत, काढायला अर्धा तास जातो.

धरमपेठकर: तेच करा, पण अर्धा तास फार झाला. ऊन चढलं की तीन अंशांमागे घनता एक टक्का उतरते, वाराही सुटतो. वेल्क्रोचे पट्टे लावा. आणि डोकं दर वेळी तिथेच टेकवा, हेडरेस्टवर खूण करून.