कात्रजचं सर्पोद्यान डिसेंबरात: कधी जावं, काय बघावं?

मुक्ता_नाशिक
डिसेंबरात पुण्याला येतोय, सोबत आठ आणि अकरा वर्षांची मुलं आहेत. राजीव गांधी प्राणिसंग्रहालयातलं सर्पोद्यान सावकाश बघायचंय. किती वाजता जावं? काचेतून फोटो येतात का? बेडूक असतात का?

पाणदिवड
बुधवार टाळा, सुट्टी असते. थंडीत सकाळी उघडल्या उघडल्या सापांकडे धावू नका. त्यांना अंग तापवायला ऊन लागतं, गारठ्यात ते आडोशाला दडून बसतात. आधी वाघ-हत्ती उरका आणि अकरा ते तीन सर्पोद्यानासाठी ठेवा. (एप्रिल-मेमध्ये नेमकं उलट, तेव्हा सकाळचीच वेळ बरी.) मगर आ वासून निपचित पडलेली दिसली तर ती चवताळलेली नसते, उघड्या तोंडावाटे अंगातली जादा उष्णता बाहेर टाकत असते.

एखाद्या सापाचे डोळे दुधाळ निळसर दिसले तर मुलांना तिथेच थांबवा. तो आजारी नसतो, कात टाकायला आलेला असतो. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो. जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव साठला की तोही धूसर होतो. पुढे डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर काही दिवसांत कात उतरते.

तस्कर
पाट्या वाचत पळण्यापेक्षा एकसारख्या दिसणाऱ्या सापांच्या दोन जोड्या नीट बघा. घोणस आणि अजगर: घोणशीच्या पाठीवर गडद कडांच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन साखळ्या असतात, अजगराचे डाग मोठे आणि वेडेवाकडे. विषारी मण्यार आणि बिनविषारी कवड्या साप: मण्यारीचे पांढरे पट्टे बहुधा जोडीने येतात, मानेपासून जरा अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे मानेपाशीच सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. ही ओळख काचेपलीकडच्या सापापुरतीच ठेवा. घरात साप निघाला तर लांब राहायचं आणि सर्पमित्राला बोलवायचं.

1986 मध्ये नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने आधी हे सर्पोद्यान उभं राहिलं, प्राणिसंग्रहालय 1999 मध्ये आलं. म्हणून तरी इथे घाई करू नये असं मला वाटतं.

फोटोसाठी फ्लॅश बंद, नाहीतर काचेत नुसता पांढरा डाग येतो. मोबाइल हळूच काचेला टेकवा, कडेने हाताचा आडोसा धरा आणि पडद्यावर सापाच्या डोळ्यावर बोट ठेवून फोकस करा. तसं न केल्यास फोकस काचेवरच्या ओरखड्यांवर बसतो.

मुक्ता_नाशिक
आभार! साप हलला नाही तर मुलं काच ठोकतील, हीच भीती आहे.

पाणदिवड
आधीच बजावून ठेवा. सापाला बाहेरून कान दिसत नसले तरी जबड्याच्या हाडातून कंप थेट आत पोचतो. शिवाय प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला डिवचणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

बेडकांचं म्हणाल तर डिसेंबरात आशा धरू नका. त्यासाठी जून-जुलैत पहिल्या जोरदार पावसानंतर साचलेल्या पाण्याच्या काठी जा. तेव्हा बैलबेडकाचे नर पिवळेधमक होतात आणि त्यांच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या स्वरपिशव्या फुगतात. विजेरी, गमबूट न्या आणि बेडकांना हात लावू नका.